शहराची नाडी जाणणारा वनस्पतिशास्त्रज्ञ

महानगरपालिकांच्या इमारतींमध्ये अलीकडे एक नवी खोली दिसू लागली आहे. भिंतभर पडदे आणि त्यांवर चौकाचौकांतील कॅमेऱ्यांची दृश्ये, हवेतील धूलिकणांचे आकडे, नाल्यांमधील पाण्याची पातळी, कचरा वाहणाऱ्या गाड्यांचे सरकते ठिपके. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेली आणि मार्च २०२५ मध्ये मुदत संपलेली स्मार्ट सिटी योजना शंभर शहरांत राबविली गेली; त्या शहरांना अशी नियंत्रण केंद्रे मिळाली. सेन्सरांनी गोळा केलेली माहिती संगणकात भरायची, तिच्या आधारे शहराची गणिती प्रतिकृती उभी करायची आणि उद्याचा रस्ता, पूल किंवा नाला आजच पडद्यावर तपासून पाहायचा, ही नगररचनेची रूढ रीत होऊ पाहत आहे. या साऱ्या यंत्रणेच्या मुळाशी असलेला विचार मात्र संगणकाहून बराच जुना आहे. शहरात काहीही बदलण्यापूर्वी ते आहे तसे पाहावे, मोजावे आणि समजून घ्यावे, हा आग्रह आयुष्यभर धरणारे पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक. ठाण्यापासून तंजावरपर्यंत आणि इंदूरपासून लखनौपर्यंत अनेक शहरांच्या गल्ल्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या होत्या.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवर राहावयास आले. घराभोवती बाग, खाली नदीचे खोरे आणि पलीकडे शहर, असा देखावा त्यांना रोज दिसे. डोंगरातून निघालेली नदी रानातून, शेतांतून, गावांतून वाहत समुद्राला मिळते आणि तिच्या काठची माणसे त्या-त्या भूमीला साजेसे व्यवसाय करतात, ही त्यांच्या पुढील विचारातील मध्यवर्ती कल्पना. तिचे बीज या टेकडीवरच रुजले असावे.

शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. पण मन तेथे रमेना. लंडनमध्ये थॉमस हेन्री हक्सले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे फ्रान्समध्ये रॉस्कॉफच्या सागरी संशोधन केंद्रात आणि पॅरिसमध्ये असताना फ्रेडरिक ल प्ले या समाजशास्त्रज्ञाच्या विचारांशी त्यांची ओळख झाली. कोणत्याही समाजाचा अभ्यास स्थळ, काम आणि कुटुंब या तीन अंगांनी करावा, असे ल प्ले यांचे प्रतिपादन होते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चटकन पटले. प्राणी, त्याची हालचाल आणि त्याचे परिसर यांचा परस्परसंबंध तो प्रयोगशाळेत रोजच पाहत होता. गेडिस यांनी कुटुंबाच्या जागी लोक हा व्यापक शब्द घेतला आणि हे त्रिकूट जन्मभर सोडले नाही.

१८७९ मध्ये त्यांच्या आयुष्याला अकल्पित वळण मिळाले. नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले असता आजारपणात त्यांची दृष्टी गेली. डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे काढावे लागले. दृष्टी परत येईल की नाही, याची शाश्वती नव्हती. खोलीतील खिडकीच्या तावदानांवरून हात फिरवताना त्यांना त्या चौकटींमध्ये विचारांची मांडणी करण्याची युक्ती सुचली. एका चौकटीत स्थळ, दुसरीत काम, तिसरीत लोक. मग त्यांच्या जोड्या, त्या जोड्यांतून निघणारे नवे संबंध. पुढे कागदाला घड्या घालून केलेल्या अशा आराखड्यांना त्यांनी विचारयंत्रे असे नाव दिले. एक गोष्ट बदलली की तिच्याशी निगडित दुसरी कोणती बदलेल, हे कागदावर शोधण्याची ती खटपट होती. आजची संगणकीय प्रतिकृतीही तेच करू पाहते. तिच्याजवळ आकडे आहेत आणि प्रचंड वेग आहे, इतकेच. गेडिस यांची दृष्टी परत आली, पण तासन्‌तास सूक्ष्मदर्शकातून पाहणे आता झेपणारे नव्हते. पेशी पाहणारी नजर शहराकडे वळली.

ते एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. १८८६ मध्ये त्यांचा ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला. त्या काळी एडिंबरोचे श्रीमंत लोक नव्या वस्तीत राहत आणि जुन्या शहरातील उंच, कळकट इमारती गरिबांच्या वाट्याला आल्या होत्या. हे दांपत्य मात्र सुखवस्तू घर सोडून जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या चाळवजा इमारतीत राहावयास गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना रंग काढणे, जिने घासणे, खिडक्यांत फुलझाडे लावणे, मोडकळीस आलेली खोली पाडून उजेडाला वाट करून देणे, अशी कामे त्यांनी सुरू केली. इमारत पाडण्याआधी तिच्यात काय वाचविण्याजोगे आहे ते पाहावे, हा धडा त्यांनी येथे घेतला. १८८८ पासून डंडी येथे त्यांना प्राध्यापकपद मिळाले. तेथे फक्त उन्हाळी सत्रात शिकवावे लागे. उरलेले वर्ष शहरांसाठी मोकळे राही.

१८९२ मध्ये त्यांनी एडिंबरोच्या किल्ल्यालगतची एक जुनी मनोऱ्याची इमारत घेतली. तिच्या माथ्यावरील अंधाऱ्या खोलीत कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. छतावरील आरसा आणि भिंगे यांच्या साहाय्याने बाहेरच्या शहराचे जिवंत, हलते चित्र खोलीतील पांढऱ्या गोल मेजावर उमटत असे. रस्त्यावरून जाणारी घोडागाडी, धुराडी, बागेतील माणसे, सारे मेजावर चालताना दिसे. आजच्या नियंत्रण केंद्रातील पडद्यांचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही. पण गेडिस यांची योजना एवढ्यावर थांबणारी नव्हती. हे चित्र पाहून झाल्यावर पाहुण्याने उघड्या सज्जात येऊन तेच शहर प्रत्यक्ष पाहायचे. एका लहान रिकाम्या खोलीत एकच खुर्ची ठेवली होती. तेथे बसून पाहिलेल्याचा विचार करायचा. मग एकेक मजला उतरत खाली यायचे. पहिल्या मजल्यावर एडिंबरोचे नकाशे व तक्ते, त्याखाली स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषेचे देश, मग युरोप आणि तळाशी सारे जग. आपल्या गल्लीचा संबंध जगाशी कसा जोडला आहे, हे जिने उतरता उतरता सामान्य नागरिकाला कळावे, हा त्यामागचा हेतू.

या मनोऱ्यातून झालेले एक काम मुद्दाम सांगण्यासारखे आहे. गेडिस यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या एडिंबरोतील पडीक मोकळ्या जागांची पाहणी केली. दाट वस्तीत जागाच नाही, असा सर्वांचा समज होता. पाहणीत अशा ७६ जागा निघाल्या आणि त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे १० एकर भरले. गेडिस यांची कन्या नोरा हिने त्यांपैकी काही जागांवर मुलांसाठी बागा फुलविल्या. कोणतेही मोठे बांधकाम झाले नाही, कोणाचे घर गेले नाही. लोकांना खेळायला जागा मिळाली ती केवळ नीट मोजल्यामुळे. आधी पाहणी, मग आराखडा, हे गेडिस यांचे सूत्र पुढे नगररचनेच्या पाठ्यपुस्तकांत गेले. त्याची सचोटी अशा छोट्या कामांत सिद्ध झाली होती.

यश मात्र त्यांच्यापासून दूरच राहिले. १९०४ मध्ये डनफर्मलिन या गावासाठी त्यांनी उद्याने आणि सांस्कृतिक संस्था यांचा विस्तृत आराखडा छापला. तो नाकारला गेला. शहरांविषयीचे नकाशे, चित्रे, तक्ते जमवून त्यांनी एक फिरते प्रदर्शन उभारले. १९१३ मध्ये बेल्जियममधील गेन्ट येथे त्याचा गौरव झाला. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी हे प्रदर्शन भारतात आणण्याचे निमंत्रण दिले आणि १९१४ मध्ये साठ वर्षांचे गेडिस भारताकडे निघाले. प्रदर्शनाचे सामान क्लॅन ग्रँट या दुसऱ्या जहाजावर होते. ऑक्टोबरमध्ये जर्मन युद्धनौका एम्डेनने ते जहाज बुडविले आणि अनेक वर्षांचा संग्रह तळाला गेला. गेडिस खचले नाहीत. मायदेशातील मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठविले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये प्रदर्शन उभे राहिले. त्याच वर्षी त्यांचा ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकमेकांत मिसळत जाणाऱ्या शहरांच्या पुंजक्यासाठी इंग्रजीत रूढ झालेला कॉनर्बेशन हा शब्द याच ग्रंथाची देणगी.

त्या वेळच्या भारतीय शहरांची स्थिती समजून घेतली पाहिजे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती हे रोगाचे घर, म्हणून तिच्यातून सरळ रुंद रस्ता काढावा, म्हणजे समुद्राची हवा आत येईल, असा तेव्हाच्या अधिकाऱ्यांचा विश्वास होता. रस्ता झाला, पण ज्यांची घरे त्याखाली गेली ती माणसे शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत शिरली. एका गल्लीतील गर्दी दुसरीत गेली. इतर शहरांतही हाच कित्ता गिरविला जात होता. पटावर पट्टी ठेवून रेघ ओढणाऱ्याला त्या रेघेखाली किती चुली विझतात, हे दिसत नसे.

गेडिस यांनी नेमके हेच मोजावयास सुरुवात केली. १९१५ नंतर मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील शहरांसाठी आणि पुढे लखनौ, कपुरथळा, बलरामपूर यांसारख्या ठिकाणांसाठी त्यांनी अहवाल लिहिले. त्यांची पद्धत वैद्याची होती. भल्या सकाळी हातात नकाशा घेऊन निघायचे आणि गल्लीन्‌गल्ली हिंडायचे. कोणते घर पक्के, कोणते पडके, विहीर कोठे, झाड कोठे, देऊळ कोठे, बायका पाण्याला कोणत्या वाटेने जातात, सावली कोठे पडते, हे टिपून घ्यायचे. एवढे झाल्यावर लक्षात येई की, सरळ रुंद रस्त्याची गरजच नाही. एक-दोन पडकी घरे काढली, एखादा कोपरा कापला, मागची मोकळी जागा पुढच्या गल्लीला जोडली, की हवा खेळते, वाट मोकळी होते आणि मिळालेल्या चौकात एक झाड लावता येते. जपून केलेली शस्त्रक्रिया, असे या पद्धतीचे वर्णन करता येईल. तंजावरच्या किल्ल्यातील दाट वस्तीसाठी त्यांनी अशीच सूचना केली. आखलेल्या रस्त्याच्या तुलनेत तिचा खर्च फारच थोडा होता आणि उठवावी लागणारी कुटुंबेही मोजकीच होती.

तलावांच्या बाबतीतही त्यांची भूमिका प्रवाहाविरुद्ध होती. हिवताप डासांमुळे होतो हे सिद्ध झाल्यापासून गावातील तलाव बुजविण्याची टूम निघाली होती. मुंबई इलाख्यातील ज्या शहरांचे अहवाल त्यांनी केले त्यांत तलावांचे गाव असलेले ठाणेही होते. तलाव उन्हाळ्यात हवा थंड ठेवतो, पावसाळ्यात अतिरिक्त पाणी पोटात घेतो आणि नळाचे पाणी बंद पडले तर आधाराला असतो, म्हणून तो बुजवू नये, असे गेडिस यांचे मत होते. तलाव स्वच्छ ठेवावा, त्यात मासे सोडावेत, बदके पाळावीत, म्हणजे डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त होतो, असा त्यांचा साधा उपाय होता.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी क्रूर ठरले. त्यांचा थोरला मुलगा ॲलिस्टर फ्रान्सच्या आघाडीवर बलूनमधून टेहळणी करण्याच्या कामावर होता. एप्रिलमध्ये तो मारला गेला. त्या वेळी ॲना भारतातच विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलाच्या मृत्यूची वार्ता गेडिस यांनी त्यांच्यापासून लपवून ठेवली. जूनमध्ये ॲना गेल्या. तीस वर्षांची सहचारिणी आणि उजवा हात असलेला मुलगा अशा रीतीने दोन महिन्यांच्या आत गमावून हा वृद्ध गृहस्थ परक्या देशात एकटा उरला. त्यांचे भारतातील सर्वांत मोठे काम याच आघातानंतर आकाराला आले.

ते काम होळकरांच्या इंदूरचे. शहरात प्लेगची भीती होती आणि नकाशा घेऊन हिंडणाऱ्या साहेबाकडे लोक संशयाने पाहत. हा माणूस आला म्हणजे घरे पडणार, अशी समजूत पसरली होती. गेडिस यांनी राज्यकर्त्यांकडे एक विलक्षण मागणी केली: एका दिवसापुरते महाराजपद. ती मान्य झाली. दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल आणि नेहमीच्या मार्गाऐवजी ज्या रस्त्यांवरील घरे सर्वाधिक स्वच्छ व डागडुजी केलेली असतील तेथून ती जाईल, असे त्यांनी जाहीर केले. पाहता पाहता शहर कामाला लागले. घरे झाडली गेली, भिंतींना सफेदी लागली, कचऱ्याच्या गाड्या भरभरून शहराबाहेर गेल्या, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत हत्ती-घोड्यांबरोबर लक्ष्मी होती, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. पांढरी शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार हार घालून मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्या माणसांना शहराने त्या दिवशी मिरवणुकीत मानाची जागा दिली, ही गोष्ट कोणत्याही आराखड्याहून मोठी होती. १९१८ मध्ये इंदूर दरबाराला त्यांनी दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्यात सांडपाण्याच्या खर्चिक योजनेची चिकित्सा होती, सांडपाणी बागांना देण्याची सूचना होती, मजुरांची घरे होती आणि विद्यापीठाची कल्पनाही होती. २०१७ पासून हेच इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिले. त्याचे श्रेय गेडिस यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण स्वच्छता केवळ हुकूम काढून येत नाही, ती शहराच्या अभिमानाचा विषय व्हावी लागते, हे त्या शहराने दोनदा दाखवून दिले.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग सुरू केला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. गेडिस यांच्या शिफारशीने घुर्ये इंग्लंडला गेले आणि परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी विभागाची धुरा वाहिली. भारतीय समाजशास्त्राची एक मोठी परंपरा येथून सुरू झाली. याच सुमारास, १९२० मध्ये, गेडिस यांनी आपले मित्र जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र प्रसिद्ध केले. रोपाची डोळ्यांना न दिसणारी वाढ टिपणारे बोस यांचे क्रेस्कोग्राफ हे उपकरण म्हणजे एक अत्यंत संवेदनशील सेन्सरच होता. गेडिस यंत्राचे वैरी नव्हते, हे यावरून ध्यानात यावे. जे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही ते यंत्राने दाखवावे आणि त्याचा अर्थ माणसाने लावावा, ही वाटणी त्यांना मान्य होती.

प्रकृतीच्या कारणाने १९२४ मध्ये त्यांनी भारत सोडला. १९२५ मध्ये तेल अवीवसाठी त्यांनी केलेला आराखडा त्यांच्या आयुष्यातील प्रत्यक्षात उतरलेला मोठा आराखडा ठरला. त्याच आराखड्यावर उभ्या राहिलेल्या शुभ्र नगरीला २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. अखेरची वर्षे त्यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथे काढली. १९३२ च्या आरंभी त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मर्यादाही होत्या. त्यांचे लेखन अनेकदा दुर्बोध असे, बोलणे एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या घेई. घड्या घातलेले ते कागद फार थोड्यांना उमगले. त्यांचे आश्रयदाते गव्हर्नर आणि संस्थानिक होते. लोकांनी शहर घडवावे असे सांगणाऱ्या या माणसाला स्वतःच्या सूचनांसाठी दरबाराकडेच पाहावे लागे. बरेचसे अहवाल दप्तरांत धूळ खात पडले. जॅकलिन टिरव्हिट यांनी १९४७ मध्ये त्यांतील निवडक भाग संपादित केले, तेव्हा ते पुन्हा वाचकांसमोर आले.

पुढे संगणक आला. १९६९ मध्ये अमेरिकेत जे फॉरेस्टर यांनी शहराच्या वाढीची आणि ऱ्हासाची संगणकीय प्रतिकृती प्रसिद्ध केली. स्वस्त घरे बांधल्याने शहराची स्थिती उलट बिघडते, असा तिचा निष्कर्ष होता. पण त्या प्रतिकृतीत उपनगरे धरलीच नव्हती, अशी टीका झाली. यंत्राने हिशेब चोख केला. काय मोजायचे आणि काय सोडायचे, हे मात्र माणसांनीच आधी ठरविले होते. मुंबईकरांना हा प्रश्न परका नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने आपले अस्तित्व दाखवून दिले. २०२० मध्ये मुंबईसाठी आयफ्लोज ही पूर इशारा प्रणाली सुरू झाली. पाऊस, भरती, जमिनीचा उंचसखलपणा, नाले यांचा हिशेब मांडून कोठे किती पाणी साचेल, याचा अंदाज ती देते. डोंगरापासून समुद्रापर्यंतचे खोरे हा एकच देह मानणाऱ्या गेडिस यांना ही प्रणाली निश्चित आवडली असती. त्याचबरोबर, पाणी भरणार हे कळल्यावर त्या सखल भागातील कुटुंबाने जायचे कोठे, आणि पाणी पोटात घेणारे तलाव व पाणथळी आपण का बुजविल्या, हे प्रश्नही त्यांनी विचारले असते.

शहराचे निदान करण्याची साधने आज कधी नव्हे इतकी सूक्ष्म झाली आहेत. निदान अचूक झाले म्हणजे उपचार दयाळू होतीलच, असे मात्र नाही. त्याच आकड्यांच्या आधारे वस्ती वाचविता येते आणि उठविताही येते. एडिंबरोच्या मनोऱ्यात मेजावरचे चित्र पाहून झाल्यावर प्रत्येकाला सज्जात जावे लागे, एकट्याने बसून विचार करावा लागे आणि मग जिने उतरून रस्त्यावर यावे लागे. आपल्या नियंत्रण केंद्रांमध्ये पडदे आहेत. आता तेथून रस्त्यावर उतरण्याचा तो जिना बांधणे बाकी आहे.